रंग न धरणारी बाही

तुम्हीच कापलंत ते.

तुमचं नाव मला माहीत नाही. हुद्दा माहीत नाही. कुठल्या बंदरात, सेन्सॉरच्या कुठल्या टेबलामागे बसून कात्री चालवलीत, तेही मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. पण तुम्ही आहात, एवढं नक्की. कारण फिल्म आपोआप तुटली की तिची कड फाटते, दातेरी होते. ही कड साफ होती. जरा तिरकी, पण साफ. मी स्वतः बोट फिरवून बघितली आहे. कोणीतरी पूर्ण शुद्धीत, पगार घेऊन कापलेली कड होती ती.

एक माणूस कागदाच्या दारापुढे उभा होता. दारापलीकडे एका बाईची सावली. त्याने हात उचलला... आणि तुम्ही कात्री घातलीत. पडदा म्हणून बांधलेल्या चादरीवर नुसता पांढरा उजेड. खलास.

पुढे असं काय होतं, जे आम्ही कांदे-बटाट्यांच्या पोत्यांवर बसलेल्या माणसांनी बघितलं असतं तर आभाळ कोसळलं असतं? दार उघडतो की नाही, एवढंच तर बघायचं होतं. त्या हातभर फिल्मवर माझं आयुष्य अडकून पडलं होतं, साहेब. कसं ते सांगते. आता ऐकावंच लागेल.

एक्क्याऐंशीचा उन्हाळा. बहरीनला, हूऱ्यातल्या एका हॉटेलात मी लिनन रूम सांभाळत होते. दिवसभर डोळ्यांपुढे पांढरं — चादरी, अभ्रे, टॉवेल, पुन्हा चादरी. वसईच्या घरी आई म्हणायची, पोरगी परदेशात साहेबांच्या हॉटेलात आहे. हो, आहे. तळघरात आहे, वाफेत आहे. तिथे आमची एक रीत होती. चादर विरली किंवा डाग धरून बसली की ती निळ्या रंगात बुडवायची आणि मग फाडून तिची फडकी करायची. निळी झालेली चादर चुकून परत गिऱ्हाइकाच्या पलंगावर जात नाही. बुडवायचं काम माझं. त्यामुळे माझी नखं बारा महिने निळी.

ती निळी बोटं टेबलावर वाजवत मी बसले होते आणि तो आला. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, समुद्राकडून येणारी हवासुद्धा भट्टीतून आल्यासारखी — आणि हा माणूस स्वेटर घालून! उंच, सावळा, कपाळावर घामाचे थेंब, अंगात लोकरीचा तपकिरी स्वेटर.

त्याने हिंदीत सांगितलं की एक चादर हवी, सफेद, सगळ्यात मोठी, मधे शिवण नसलेली. मी रूम नंबर विचारला. तो गडबडला आणि स्वतःशीच पुटपुटला, "आता हिका काय सांगूचा..."

मला हसू आलं. "रूम नंबरच सांगा. मराठीत सांगितला तरी चालेल."

तो ओशाळला. मग हळूच हसला. त्याचं हसू एका गालात आधी यायचं आणि दुसऱ्या गालात मागून, जरा विचार करून. नाव शिवदास, देवगडकडचा. मीना सलमान बंदरावर एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरवर मेकॅनिक. म्हणून स्वेटर, टॅक्सी पकडायच्या घाईत काढायचा राहिलेला. ती यंत्रं बसवायला आलेले जपानी लोक परत जाताना एक प्रोजेक्टर आणि फिल्मचे डबे तिथेच टाकून गेले होते. गोदामाच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, परवानगी दिली होती — शुक्रवारी दुपारी बघा काय बघायचं ते, माल खराब होता कामा नये. सिनेमा भुताचा होता. पडदा तेवढा नव्हता.

मी म्हटलं, "निळी घ्या. निळ्या पुष्कळ पडल्यात."

"निळ्या चादरीवर बाईचं तोंड निळं दिसेल."

"भूतच ना ती? मग शोभेल."

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुमची नखं निळी आहेत. तुम्ही कुठे भूत दिसता?"

मी कपाटाकडे तोंड फिरवलं आणि उगीचच चादरींच्या चवडी सारख्या करत राहिले. त्या आधीच सारख्या होत्या.

चादर दिली. पण अट घातली — ती माझ्या जबाबदारीवरची आहे, तेव्हा चादर जाईल तिथे मी जाईन. तो म्हणाला, या, पण शाल घेऊन या. जून महिन्यात शाल! हा माणूस माझी चेष्टा करतोय, असं मला वाटलं.

चेष्टा नव्हती. मी तिथे राहायचे माझ्या भावाकडे, इलायसदादाकडे; त्याचा नियम होता की अँजेलिनाने एकटीने कुठे जायचं नाही, म्हणून सोबतीला नॅन्सीवहिनी आली. वहिनीला सिनेमाचं वेड आणि भुताची भयंकर भीती. तेव्हा ती आली, पोत्यावर बसली, गळ्यातला क्रॉस मुठीत धरला आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत तिने डोळे मिटून घेतले, ते शेवटपर्यंत. माझ्यावर नजर ठेवायला आलेली बाई अशी होती.

आणि काय जागा ती! कांद्यांचा वास, मातीचा वास, लाकडी खोक्यांचा वास. बाहेरच्या आगीतून आत पाऊल टाकलं की अंगावर सर्रकन काटा. जाडजूड दार मागे बंद झालं की मिट्ट काळोख. स्टोअरकीपर जमालुद्दीन दारापाशी स्टूल टाकून बसलेला, त्याची एकच काळजी — "दरवाजा कोई नहीं खोलेगा, ठंडी जाती है।" समोर दोन खांबांना बांधलेली माझी चादर. शिवदासने बटण दाबलं. प्रोजेक्टरच्या उजेडाचा पट्टा आमच्या डोक्यांवरून गेला आणि त्या पट्ट्यात आमचे सगळ्यांचे श्वास दिसायला लागले. धुक्यासारखे... हळूहळू चादरीकडे सरकणारे. चादरीवर नदी होती आणि नदीवरही धुकं होतं. त्यांचं कुठे संपतं आणि आमचं कुठे सुरू होतं, कळेना.

भुताचा सिनेमा म्हटलं की नाक मुरडतात लोक. तुम्हीही मुरडलं असणार, म्हणून तर इतक्या सहज कापलंत. पण मी सांगते, मी त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही. चर्चमधल्या रंगीत काचा बघितल्या आहेत, वसईच्या खाडीतला सूर्यास्त बघितला आहे, तरी सांगते.

गोष्ट एका रंगाऱ्याची होती. बोलणं सगळं जपानीत, आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. आणि कळायची गरजही पडली नाही. नदी काळी, तेल ओतल्यासारखी स्थिर. तीत लांबच लांब कापडं सोडलेली — लाल, गर्द निळी, हळदीची. वरचं आभाळ ब्रशने रंगवलेलं. खरंच रंगवलेलं, फटकारे दिसत होते. आणि त्यांनी ते लपवलेलं नव्हतं! आमचे सिनेमावाले खोटं आभाळ खरं म्हणून खपवतात. हे म्हणत होते, आभाळ आम्हीच रंगवलंय, बघा, शेंदरी, कडेला जांभळं, आता घाबरून दाखवा. आणि मी घाबरले. खऱ्या आभाळाला मी कधी घाबरले नव्हते.

कोणी किंचाळत नव्हतं. रक्त नाही, सुळे नाहीत. कॅमेरा घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवा सरकत जायचा, खांबामागून खांब, खोलीमागून खोली. रिकामी खोली, रिकामी खोली... आणि मग एका खोलीच्या कोपऱ्यात ती. पांढऱ्या कपड्यातली. पाठमोरी. एवढ्या मोठ्या चादरीवर तिने एक कोपरा घेतलेला. बाकी सगळं रिकामं सोडलेलं. त्या रिकाम्या जागेकडेच बघत राहावंसं वाटायचं. तिचे केस खांद्यावरून ओघळायचे, तर पाण्याला धार लागावी तसे ओघळायचे. ती चालायची नाही, फक्त जवळ असायची. आधी लांब असायची आणि मग जवळ असायची.

आणि एक गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आली नसेल. फिल्ममध्ये ती जिथे पांढरी होती, तिथून उजेड तसाच आरपार येत होता. म्हणजे तिच्या अंगावरचा पांढरा रंग हा माझ्या चादरीचाच पांढरा. मी उकळलेला, मी नीळ घातलेला, मी वाळवलेला. त्या परक्या बाईच्या अंगावर माझ्या हातची धुलाई होती. माझे डोळे भरून आले. का ते विचारू नका.

एक प्रसंग सांगतेच. रंगारी तिची बाही हातात घेतो, अगदी हळुवार, आणि लाल रंगाच्या पिंपात बुडवतो. वर काढतो. पांढरीच. रंग ओघळून खाली, एक थेंब बाहीवर नाही. पुन्हा बुडवतो. पुन्हा पांढरी. तो रडत नाही, ओरडत नाही. फक्त आपल्या लाल झालेल्या हातांकडे बघतो. माझं तर कामच बुडवण्याचं. रंग न धरणारं कापड म्हणजे काय, ते मला कोणी समजवायला नको.

आणि मग शेवट. रात्र, कागदाचं दार, पलीकडे अंगणात दिवा, दारावर तिची सावली. तो दारापाशी येतो. हात उचलतो... आणि खाड! पांढरं. फिल्मचं शेपूट मोकळं होऊन चाकावर फटफट वाजत राहिलं. पंधरा-वीस माणसं काळोखात पोत्यांवरून पुढे वाकलेली.

मग विठ्ठल बोलला. हा विठ्ठल राजापूरचा, कांद्याची व्हॅन चालवायचा. तो पहिल्यापासून पुटपुटत होता, पाय बघा, तिचे पाय बघा. आमच्याकडे भुताचे पाय उलटे असतात, ते दिसले की ओळख पटते. आणि त्या जपान्यांनी अख्ख्या सिनेमात तिचे पाय दाखवले नव्हते. कपडा नेहमी जमिनीपर्यंत. विठ्ठल चिडून म्हणाला, पाय नाही दाखवले तर माणसाने भूत ओळखायचं कसं? आणि भूत नक्की कोण होतं?

तिथेच आमचं वाजलं, माझं आणि शिवदासचं.

तो म्हणाला, भूत तो रंगारी आहे. ती विधवा, सरळ दिसतंय. नवरा मेलाय, म्हणून पांढरं. मेलेला नवराच घरात फिरतोय आणि तिला कळत नाहीये. मी म्हटलं, अक्कल गहाण ठेवलीय का, ती नवरी आहे. पांढरं म्हणजे लग्नाचं. नवऱ्याची वाट बघतेय, आणि हा बाबा कामधंद्यातून घरी यायला तयार नाही.

"नवरी अशी गप्प असते?" त्याने विचारलं.

"नवरदेव बोलत नसेल तर काय करणार ती?"

तो हसला, एका गालात... मग दुसऱ्या गालात. प्रोजेक्टरची काच पुसत म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी परत बघू. तेव्हा ठरवू."

परत बघितला. आणि परत. आणखी दोन शुक्रवार झाल्यावर बाकीची मंडळी कंटाळली. त्यांना मारामारी हवी होती. मग उरलो आम्ही. दारावर जमालुद्दीन, पोत्यावर मिटल्या डोळ्यांची नॅन्सीवहिनी, प्रोजेक्टरपाशी तो आणि त्याच्या शेजारच्या खोक्यावर मी. चादर दर वेळी धुऊन न्यायची, इस्त्री करून, नाहीतर तिच्या कपड्यावर सुरकुत्या दिसतात. तो म्हणायचा, तुमच्या नवरीची ऐट फार. मी म्हणायचे, तुमच्या विधवेची. कधी तो तुम्हीवरून तूवर आला, ते मला कळलं नाही. नाही, खोटं कशाला... कळलं होतं. शालीचं टोक खाली पडलं होतं, ते त्याने उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "गारठशील." एवढंच. त्याची बोटं बर्फासारखी होती. मला मात्र कानापर्यंत ऊन लागलं.

हळूहळू त्याने घरचं सांगितलं. वडील होडी घेऊन गेले, परत आले नाहीत. तेव्हापासून आई, गोदाबाई, पांढरं पातळ नेसते. त्याने तिला दुसऱ्या रंगात बघितल्याचं त्याला आठवत नाही. आता कळलं, मी नवरी म्हटलं की त्याचा चेहरा का उतरायचा.

आणि मग माझं लग्न ठरलं.

दादाने ठरवलं. मुलगा आमच्याच परिसरातला, कुवेतला बँकेत. लग्न वसईला, ऑक्टोबरात. हॉटेलची नोकरी सोडायची, व्हिसा कॅन्सल, एकदा विमानात बसले की बहरीन संपलं. दादा वाईट नव्हता, साहेब. त्याला फक्त माझ्या आयुष्याचा शेवट आधीच माहीत होता, आणि मला विचारायची त्याला गरज वाटत नव्हती. तुमच्याच जातीचा.

मी शुक्रवारी शिवदासला सांगितलं. तो कॉम्प्रेसरच्या गेजकडे बघत राहिला. काटा कुठे हलत होता?

"काही बोलणार आहेस?"

"काय बोलू..." त्याने स्वेटरची बाही खाली ओढली. "तुझ्या घरी पांढरं नेसून लग्न लागतं. माझ्या घरी लग्न संपलं की पांढरं नेसतात. माझी आई तुला दारात बघेल तर तिला काय वाटेल?"

"तुझी आई सध्या देवगडला आहे. इथे दारात तू आहेस."

"अँजेलिना, मी—"

"तो रंगारी निदान हात तरी उचलतो," मी म्हटलं. "तू तेवढा तरी उचल."

जमालुद्दीन ओरडला, "अरे, दरवाजा!" कारण मी दार उघडून निघाले होते. सगळी थंडी जाऊ दे, मला काय. नॅन्सीवहिनी डोळे चोळत मागून धावली.

पुढचे शुक्रवार मी गेले नाही. चादर त्याच्याकडेच राहिली. मधे एकदा त्याने हॉटेलवर फोन केला. यंत्रांच्या सर्व्हिसिंगला एक जपानी इंजिनीअर आला होता, तोमिता नावाचा. शिवदासने त्याला जेवणाच्या सुट्टीत सिनेमा दाखवला. तो फोनवर घाईघाईने सांगत होता, जणू कोणी लाइन तोडणार आहे. आपण दोघंही चुकलो, तो म्हणाला. ती बाई पहिल्यापासून मेलेली आहे. त्यांच्याकडे मेलेल्याला पांढरं घालतात. आणि आपण दोघंही बरोबर आहोत. नवरीलाही पांढरंच घालतात. तोमिता म्हणाला, एवढ्यासाठी की तिने जाईल त्या घरचा रंग धरावा.

म्हणून तो बाही बुडवत होता! त्याला तिला परत नवरी करायचं होतं. आणि मेलेलं कापड रंग धरत नव्हतं. मी रिसीव्हर कानाला लावून लिनन रूममध्ये उभी होते, सभोवती पांढऱ्या चवडी, आणि तो अख्खा सिनेमा माझ्या डोळ्यांपुढून पुन्हा, पण जणू पहिल्यांदाच गेला.

"आणि शेवट?" मी विचारलं. "उघडतो का तो?"

"तोमिता लहान असताना बघायला गेला होता. नेमकं तिथेच त्याच्या आईने त्याचे डोळे झाकले."

मी हसले. रडले पण. मग म्हटलं, "तुझ्या तोमिताला सांग, जाईल त्या घरचा रंग वगैरे मी धरणार नाही. रंग माझा मी निवडीन."

 मग फोन ठेवल्याचा आवाज. त्याने ठेवला की लाइन गेली, कळलं नाही.

जायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो होतो. वहिनीने माझा लग्नाचा गाऊन बेतला होता. ऑक्टोबरचा उकाडा म्हणून सुती कापड, सुती लेस. मला तो घालून खोलीच्या मधोमध उभं केलेलं. खालची घडी मारायची राहिलेली, म्हणून कापड जमिनीवर लोळत होतं. वहिनी गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. दादा सोफ्यावर पेपर वाचत होता. मी आरशात बघितलं. पाठीवर मोकळे केस, जमिनीपर्यंत पांढरं, पाय नाहीत. मी तिला ओळखलं. मला कोणत्याही पिंपात बुडवलं असतं तरी त्या दिवशी माझ्यावर एक थेंब टिकला नसता.

आमच्या फ्लॅटच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, धुरकट, पलीकडचं नुसतं सावट दिसायचं. जिन्यात पावलं वाजली. काचेवर एक सावली येऊन थांबली.

उंच. छातीशी काहीतरी घडी करून धरलेलं.

सावलीने हात उचलला. बेलपाशी नेला... आणि तो हात तिथेच राहिला.

साहेब, तुम्ही कात्री घातलीत ती हीच जागा. तोच हात, तेच दार. फक्त बाजू बदललेली. सिनेमात ती बाहेर आणि तो आत. इथे तो बाहेर, आणि आत पांढऱ्या कपड्यात मी. इतके दिवस मी त्याला बोल लावत होते की हात उचल. आता त्याने उचलला होता. गावाकडची आई, माझा दादा, दोन देव, सगळं अंगावर घेऊन तो जिना चढून आला होता आणि उरलेल्या वितीएवढ्या अंतरावर त्याचा जीव घाबरा झाला होता. 

दादा पेपर खाली ठेवत म्हणाला, कोण आहे, मी बघतो.

"थांब दादा," मी म्हटलं. "माझ्याकडे आलंय."

मी धावले. टाचण्या घोट्याला टोचल्या, कापड पायात आलं. दार उघडलं.

तो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात माझी चादर — धुतलेली, कडेला कड लावून घडी केलेली. मला बघून त्याचा चेहरा चादरीसारखाच झाला. मागच्या जिन्यातलं कडक ऊन त्याच्या कानांतून लाल दिसत होतं.

"चादर..." तो म्हणाला.

"ठेव."

तो माझ्याकडे बघत राहिला. केसांकडे, बाह्यांकडे, जमिनीवर पसरलेल्या त्या पांढऱ्याकडे. मग अगदी हळू म्हणाला, "पाय दाखव."

"काय?"

"पाय. दाखव एकदा."

मागे माझा भाऊ उभा होता. वहिनी तोंडात टाचण्या घेऊन गुडघ्यांवर होती. मी दोन्ही हातांनी गाऊन वर उचलला, घोट्याच्या वर. अनवाणी पाय. डाव्या घोट्यावर टाचणीचा लाल ठिपका, रक्ताचा, ताजा.

"सरळ आहेत," मी म्हटलं.

"सरळ आहेत," तोही म्हणाला. आणि मग एका गालात, लगेच दुसऱ्या गालात, या वेळी विचार न करता हसला. हिंदी, मराठी, सगळं विसरून घरच्या बोलीत बोलला, "माका तुझ्याशिवाय जमाचा नाय, अँजेलिना."

मी म्हटलं, "एवढं बोलायला अख्खा उन्हाळा?"

दादा मागून बरंच काही बोलला. त्यातलं बरंच रागाचं होतं आणि थोडं खरंही होतं — जात, धर्म, कुवेतवाल्यांना काय तोंड दाखवू. त्याने वहिनीला विचारलं, तू दर शुक्रवारी सोबत जात होतीस ना, तुला काहीच दिसलं नाही? वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि शांतपणे म्हणाली, "मी डोळे मिटले होते."

आजही मला ठाऊक नाही, ती सिनेमाबद्दल बोलत होती का.

सोपं झालं नाही. दादा मला पोहोचवायला विमानतळावर आला नाही. फादर समजावत राहिले, देवगडहून पत्रच आलं नाही. पण त्या शनिवारी मी तो गाऊन लिनन रूममध्ये नेला. पिंपात निळा रंग कालवला, चादरींना देतात तोच, आणि सबंध गाऊन त्यात सोडला. शिवदास शेजारी उभा. मी बाही हातात घेतली आणि वर काढली. 

निळी. गर्द, सणसणीत निळी. पाण्यातून काढली, पिळली, पुन्हा पाण्यातून काढली. रंग हलला नाही.

तोच निळा गाऊन घालून मी मुंबईला शिवदासबरोबर रजिस्टरवर सह्या केल्या, आणि त्याच निळ्यात मी देवगडच्या अंगणात उभी राहिले. गोदाबाई बाहेर आल्या. पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जवळ येऊन माझी बाही दोन बोटांत धरली, चोळली, बोटांना रंग लागतो का ते बघितलं. लागला नाही. "पक्को आसा," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला सरकल्या.

झालं. आमचा शेवट आम्हाला कळला. पण रंगाऱ्याचा नाही कळला. आजही कधी शिवदास आणि मी भांडतो. तो म्हणतो, उघडलं असणार. मी म्हणते, तो उघडणार नव्हता, म्हणून तर तिने आतून... बाहेरून... काहीतरी केलं असणार.  ती बाई अजून तिथेच उभी आहे, माझ्या चादरीच्या पांढऱ्या कपड्यात, आणि त्याचा हात हवेत आहे. दिवा जळतोय. तुम्ही तिला तशी सोडलीत.

म्हणून विचारते. तो तुकडा तुम्ही बघितलात, कापण्याआधी बघितलाच असणार. फेकला असेल, जाळला असेल, पण बघितलात. मी माझ्या बाजूचं दार उघडलं. माझं उत्तर दिलं.

आता तुम्ही द्या. त्याने उघडलं की नाही?